तीस दिवसांची मुदत

त्या वर्षी पाऊस लांबला आणि तलाव आटत आटत मधल्या खळग्यापर्यंत येऊन थांबला. काठापासून पाण्यापर्यंत शंभरेक पावलं नुसता चिखल. त्यातून होडी ओढत न्यायची म्हणजे जनावराचं काम. थोरला पुढे, दोर खांद्यावर. धाकटा मागे, छाती होडीला लावून. पाय पोटरीपर्यंत रुते, उपसताना फचकन आवाज होई आणि पुढच्या पावलाला पुन्हा तेच. पाण्याशी पोचेस्तोवर अंगावरचा सदरा मुळात कोणत्या रंगाचा होता ते सांगता आलं नसतं.

"थांबू या का जरा?" धाकटा विचारी.

"मी कुठं दमलोय," थोरला म्हणे, आणि दम लागलेला दिसू नये म्हणून तोंड मिटून नाकानं श्वास घेई.

तलाव सरकारी होता. त्यातले मासे धरायचा ठेका या घराकडे बापाच्या वेळेपासून. बाप अंगठा उठवायचा आणि पाच वर्षं बिनघोर जाळं टाकायचा. तो गेला तेव्हा नियम बदलले होते. ज्याच्या नावावर ठेका घ्यायचा त्यानं आधी सात दिवसांचं शिक्षण घेतलं पाहिजे, असं कचेरीचं पत्र आलं. थोरल्यानं ते हसण्यावारी नेलं. माशाच्या पिलाला पोहायला शिकवायला निघालेत, म्हणाला. धाकटा मुकाट्यानं पिशवी भरून गेला, सात दिवसांनी शिक्क्याचा कागद घेऊन आला, आणि ठेका त्याच्या नावावर चढला. त्याला आता आठ वर्षं झाली होती, मध्ये एकदा करार नवा करून घेतला होता.

काम होतं तेच राहिलं. वारा फिरला की मासा कुठे सरकतो ते थोरला सांगे, जाळं फाटलं की थोरला शिवे. पण मोटार घेऊन आलेला व्यापारी "ठेकेदार कुठायत?" असं थोरल्यालाच विचारी, आणि त्याला मान वळवून धाकट्याकडे बोट दाखवावं लागे. कचेरीच्या भिंतीवर एक फोटो होता. धाकट्यानं छातीशी धरलेला भलामोठा मासा. मासा पाण्यातून काढला थोरल्यानं होता. फोटोत त्याचा कोपरापर्यंतचा हात तेवढा आला होता, माशाच्या शेपटीखाली. कचेरीत गेला की तो त्या भिंतीकडे पाठ करून बसे.

घरात मात्र एकच चूल होती. थोरलीला मूलबाळ नव्हतं आणि धाकटीच्या दोन्ही मुली तिच्याच अंगाखांद्यावर वाढल्या. दोघी जावा काठावर मासे निवडत बसायच्या, लहान इकडे, मोठे तिकडे, मध्ये बर्फाची पेटी. त्यांच्या गप्पा कधी संपत नसत. थोरल्याला त्याचंही नवल वाटे.

मोसमाच्या सुरुवातीला दोन सरी येऊन गेल्या, तेव्हा तलावात मासळीचं बीज सोडायची वेळ झाली. करारात आकडा ठरलेला होता, दरसाल तीस पिशव्या. बोटाएवढी पिलं, पाणी आणि प्राणवायू भरून गच्च बांधलेल्या पिशव्यांतून येतात. थोरल्यानं पाण्यात उतरून हातानं अंदाज घेतला. एवढ्याशा पाण्यात सगळं बीज सोडलंस तर चार दिवसांत पोटं वर करून तरंगेल, निम्मंच आण, म्हणाला. धाकट्यानं क्षणभर विचार केला आणि पंधराच पिशव्या आणल्या. दोघांनी त्या तासभर पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. एकही पिलू मेलं नाही. फक्त निम्मंच सोडलं हे कचेरीला लिहून कळवायचं राहिलं.

पुढे महिन्याभरानं कचेरीतली मोठी अधिकारी बाई पाण्याची पातळी बघायला आली. पायात उंच बूट, हातात मोजपट्टी. धाकटा तिला होडीतून फिरवून आणत होता आणि वल्ही थोरला मारत होता. बाईनं त्याच्याकडे बघून विचारलं, हे कोण?

"हा माझा माणूस," धाकटा म्हणाला आणि पुढे पाण्याविषयी बोलत राहिला.

वल्हं थोरल्याच्या हातात जड झालं. घरी येऊन हातपाय न धुताच त्यानं बायकोला सांगितलं. त्यानं मला गडी केला, म्हणाला. परक्या बाईसमोर.

थोरली मुलीच्या केसांत तेल घालत होती. "माझा माणूस म्हणजे आपला माणूस," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणायला हवं होतं?"

"माझा भाऊ म्हणता येत नाही? जीभ झडते?"

ती मुलीची वेणी घालत राहिली. थोरल्याच्या डोक्यात ते दोन शब्द आठ दिवस घोळले. जाळं ओढताना घोळले, जेवताना घोळले. धाकट्यानं आग्रहानं माशाचा पोटाचा तुकडा त्याच्या ताटात वाढला, तर गड्याला वाढतात तसा वाढला असं वाटलं.

नवव्या दिवशी जाळ्याचा दोरा आणायचं निमित्त काढून तो बाजाराच्या गावी गेला आणि कचेरीच्या आवारात बसणाऱ्या अर्जनवीसाकडे जाऊन उभा राहिला. त्याला सगळे शाईवाला म्हणत. बोटं कायम निळी, कानामागे पेन. थोरल्यानं करार बरोबर आणला होता, पेटीतून न विचारता काढलेला. शाईवाल्यानं चाळून नवव्या कलमावर बोट ठेवलं. अट मोडल्यास ठेका समाप्त होईल, त्यानं वाचून दाखवलं. ठरलेलं बीज न सोडणं ही अट मोडणं झालं. थोरला म्हणाला, मग लिहा. ठेकेदार कोण लागतो तुमचा, असं शाईवाल्यानं विचारलं. थोरल्यानं जरा वेळानं सांगितलं. शाईवाल्यानं पेन उघडलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहायला लागला.

अर्जाखाली थोरल्यानं सही केली. परतताना कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली.

वीस दिवसांनी कचेरीचा शिपाई काठावर आला. दोघे भाऊ चिखलातून परतत होते. धाकट्यानं हात सदऱ्याला पुसून सही केली, लखोटा फोडला. आत दोन-तीन कागद होते. तो उभ्या उभ्या वाचत राहिला. थोरला होडीचा दोर गुंडाळत होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या कागदांवर होतं. धाकट्यानं ते पुन्हा घडी केले, जसे होते तसे.

"काय आहे?" थोरल्यानं विचारलं.

"कचेरीची नोटीस. बीज कमी सोडलं म्हणून करार समाप्तीची कार्यवाही सुरू करतायत." त्यानं लखोटा टोपीच्या आत ठेवला. "चल, मासे ऊन खातायत."

थोरल्याला वाटलं, संपलं. उद्यापासून होडी काठावर पालथी पडेल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटा दारात उभा, खांद्यावर जाळं. तिसऱ्या दिवशीही तेच. ठेका संपलेला माणूस असा कसा पाण्यात उतरतो, हे थोरल्याला कळेना. पाचव्या दिवशी तो पुन्हा शाईवाल्यासमोर जाऊन बसला.

"समाप्ती वेगळी आणि समाप्तीची कार्यवाही वेगळी," शाईवाला म्हणाला. "लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणजे लग्न लागलं का?"

मग त्यानं सावकाश समजावलं. करारात समाप्त होईल असं लिहिलंय खरं, पण ते दिवा विझावा तसं आपोआप होत नाही. कराराच्या वर कायदा बसलाय. कायदा म्हणतो, आधी नोटीस द्या. ती हातात पडली तो कार्यवाहीचा पहिला दिवस. तिथून तीस दिवस मुदत, की बाबा काय चुकलं ते सुधार, नाहीतर तुझं म्हणणं मांड. मग सुनावणी. मग लेखी हुकूम. हुकमावर सही झाली की कार्यवाही संपली. ठेका तेव्हा संपतो किंवा वाचतो. तोवर करार जिवंत. ठेकेदारानं मासे धरायचे, तलाव सांभाळायचा, आणि कचेरीनं तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

"आणि हुकूम झाल्यावर मला मिळेल?"

शाईवाल्यानं जाडजूड पुस्तक उघडलं. बारीक अक्षरातली एक ओळ वाचून त्यानं चष्मा कपाळावर ढकलला. ज्याच्यावर अशी कार्यवाही झाली त्याला किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणाला पुढची पाच वर्षं ठेका मिळत नाही. आणि कुटुंब म्हणजे कोण, तेही खाली दिलंय. एका चुलीवर जेवणारे सगळे.

शाईवाल्यानं पुस्तक मिटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, तो म्हणाला, पण चूल वेगळी असेल तर गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर थोरल्यानं बायकोला सांगितलं, उद्यापासून परसात आपलं वेगळं शिजव. का, तर धूर डोळ्यांना सोसत नाही. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं सोसला तो, म्हणाली. त्यानं आवाज चढवला, तेव्हा ती उठून परसात गेली आणि विटा मांडू लागली. धाकटीनं दारातून पाहिलं आणि ती आत गेली. मुली रडल्या, मोठी आईच्या ताटावर बसेना. धाकटा संध्याकाळी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन आला. निम्मी आपल्या दारात टाकली आणि निम्मी परसातल्या नव्या चुलीशी नीट रचून ठेवली.

"धुराचा त्रास होतो ना," तो म्हणाला. "ही लाकडं वाळलेली आहेत. धूर कमी होईल."

थोरल्याला त्या वाळलेल्या लाकडांचाही राग आला. भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. याला भांडताही येत नाही. चांगुलपणातसुद्धा हा पुढे.

मुदतीतले दिवस धाकट्यानं खणण्यात घालवले. पुढचा पाऊस येण्याआधी मधला खळगा खोल केला तर उरलेलं बीज सोडता येईल, असं त्यानं ठरवलं. सकाळी मासेमारी, दुपारी खणणं. कमरेएवढ्या गाळात उभं राहून घमेली भरायची आणि काठाकडे न्यायची. थोरल्यालाही उतरावं लागलं. जो ठेका मोडायला त्यानं अर्ज केला, तोच वाचवायला तो फावड्यानं गाळ उपसत होता. नखं काळी पडली, पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर खळगा खोल होत जाताना त्याला बरंही वाटे. तळ कुठे घट्ट आहे, झरा कुठे आहे, हे त्यालाच ठाऊक होतं.

एका दुपारी दोघे होडीच्या सावलीत पाणी पीत बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. धाकट्यानं तांब्या खाली ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "तुला मला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

थोरल्यानं पायावरचा वाळलेला गाळ नखानं खरवडला. "नाही," तो म्हणाला.

धाकटा उठला आणि फावडं घेऊन गाळात उतरला.

सुनावणीच्या दिवशी दोघे एकाच मोटारीनं गेले. धाकट्यानं धुतलेला सदरा घातला होता. थोरला सोबत म्हणून आलो असं दाखवत होता. कचेरीत गेल्यावर त्याला कळलं की अर्जदार म्हणून त्यालाही बोलावणं होतं. ते पत्र शिपायानं घरी येऊन थोरलीच्या हातात ठेवलं होतं, आणि तिनं ते त्याला दाखवलं नव्हतं. का नाही दाखवलं, याचा विचार करायलाही त्याला वेळ मिळाला नाही. बाई येऊन बसली. तीच, मोजपट्टीवाली.

बाईनं फाईल उघडली आणि पहिलाच प्रश्न धाकट्याला केला. नोटिशीसोबत तक्रार अर्जाची प्रत जोडली होती, ती मिळाली का?

"मिळाली," धाकटा म्हणाला.

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. वाचली."

थोरल्याच्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. टोपीत ठेवलेला लखोटा. वाळलेली लाकडं. होडीच्या सावलीतला तांब्या. त्यानं खालच्या फरशीकडे नजर लावली आणि ती वर उचलेना.

बाई विचारत होती आणि धाकटा उत्तरं देत होता. होय, निम्मंच बीज सोडलं. होय, लेखी कळवायला हवं होतं, ती चूक झाली. पाणी कमी होतं, सगळं सोडलं असतं तर मेलं असतं. खळगा आता खोल केलाय, पाऊस येताच उरलेलं सोडतो. निर्णय कुणी घेतला? मी घेतला, तो म्हणाला. थोरल्याचं नाव त्यानं घेतलं नाही.

बाईनं लिहिता लिहिता मान हलवली. "मी ते पाणी स्वतः मोजलंय," ती म्हणाली. "शेजारच्या तलावात पूर्ण बीज सोडलं आणि सगळं मेलं. तुम्हाला पाण्याची चांगली जाण आहे. शिक्षणाचा उपयोग केलात."

थोरल्यानं मान वर केली. इतका वेळ लाज त्याच्या मानेवर बसली होती, ती या एका वाक्यानं उडाली. सात दिवसांचं शिक्षण. पाण्यात हात घालून कुणी पाहिलं होतं? बापाच्या मागे लागून पाण्याचा ऊबदारपणा ओळखायला कोण शिकलं होतं? तो कधी उभा राहिला ते त्याला कळलंच नाही.

"त्याला काय कळतंय," तो म्हणाला. "तो तीसच आणायला निघाला होता. निम्मं सोड, हे मी सांगितलं. जाण माझी आहे."

बाईनं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे निम्मं बीज सोडा असं तुम्हीच सांगितलंत," ती हळू म्हणाली, "आणि निम्मंच सोडलं म्हणून तक्रारही तुम्हीच केलीत?"

कारकुनानं तोंडावर हात धरला. थोरला उभाच होता. बसावं की बाहेर जावं ते त्याला सुचेना. हो, तो म्हणाला. बाईनं ते लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली.

हुकूम तासाभरात टाइप होऊन आला. अट मोडली गेली, पण कारण रास्त आहे आणि दुरुस्ती सुरू आहे. सबब समाप्तीची कार्यवाही बंद करण्यात येत आहे, ठेका मुदतीपर्यंत कायम. लेखी न कळवल्याबद्दल समज. धाकट्यानं प्रत घेतली.

मोटारीत दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले. फाट्यावर उतरून घरापर्यंत दोन मैल चालायचं होतं. अर्ध्या वाटेत थोरल्याला ती शांतता सहन होईना. एवढे दिवस माहीत होतं तर बोलला का नाहीस, असं त्यानं विचारलं.

धाकटा चालता चालता थांबला. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, दमलेला होता.

"कचेरीनं मला तीस दिवस दिले. मी तुलाही तेवढेच दिले. तू सांगशील म्हणून वाट बघितली. एक दिवस तर तोंडानं विचारलं." त्यानं घाम पुसला. "उद्यापासून होडीत येऊ नकोस, दादा."

"मला कुठं माहीत होतं मुदत चाललीय ते?" थोरला म्हणाला. "नोटीस दिल्याशिवाय काही संपवता येत नाही. कायदा आहे."

"भावाला नोटीस द्यावी लागते?"

धाकटा पुढे निघाला आणि थोरला त्याच्या मागे, दहा पावलं अंतर ठेवून, घरापर्यंत.

परसातली चूल आता खरोखरीची वेगळी झाली. थोरलीनं मात्र काठावर जाणं सोडलं नाही. तुमचं तुम्ही बघा, माझं जावेशी भांडण नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं. पत्र का दाखवलं नाहीस, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, दाखवलं असतं तर तुम्ही गेला नसता. थोरल्याला बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या हातगाडीवर घालून तो काठाकाठानं पोचवी. खांद्यावरचा दोराचा घट्टा जाऊन हातांना गारठ्याच्या भेगा पडल्या.

पाऊस आला. तलाव भरला, चिखल पाण्याखाली गेला. थोरला बर्फ घेऊन काठावर गेला तेव्हा होडी पाण्यात होती. त्याच्या जागेवर धाकटीचा भाऊ बसला होता, नवा नवा शिकायला आलेला, चांगला दाढीमिशीचा माणूस. हातगाडी टेकवून थोरला बघत राहिला. त्या माणसाचं वल्हं चुकीच्या कोनात पडत होतं. जाळं टाकताना एक कड दुमडून राहिली. मासा तिथून सुटणार हे पोरालाही दिसलं असतं. थोरल्याला आतून उकळी फुटली. माझ्याशिवाय आता मीठ नसलेलं जेवण जेव, त्यानं धाकट्याला मनाशी म्हटलं.

मग मेहुण्याचा तोल गेला. तो होडीतच मागे कोलमडला, पाय वर, वल्हं पाण्यात. धाकटा रागावेल म्हणून थोरला कान देऊन उभा राहिला. पण पाण्यावरून हसण्याचा आवाज आला. धाकटा पोट धरून हसत होता. मेहुणा काहीतरी म्हणाला आणि तो आणखी हसला, इतका की काठावरच्या दोघी जावाही माना वर करून बघू लागल्या आणि हसू लागल्या.

थोरल्यानं आठवून पाहिलं. एवढी वर्षं ते दोघे त्या होडीत समोरासमोर बसले होते. धाकटा असा हसलेला त्याला आठवेना. हातगाडीतून बर्फाचं पाणी त्याच्या पायांवर ठिबकत होतं. पुढच्या काठावर लादी पोचवायची होती, पण तो तिथेच उभा राहून तो आवाज ऐकत राहिला.